मल्लाप्पाच्या नावाखालची रेघ

सोलापुरात नव्या पेठेत, कापडाच्या एका दुकानावर, आमच्या मंडळाची खोली आहे. तिथे दोन कपाटे पुस्तके आहेत. त्यांत विलायतेच्या राजांच्या लढाया आहेत, युरोपातले तह आहेत, एका साहेबाने मारलेल्या वाघांची सचित्र हकीकतसुद्धा आहे. पण होटगीकडचा एखादा माणूस जिना चढून आला आणि ‘आमच्या गावाबद्दल काय आहे?’ म्हणाला, तर त्याच्या हाती काय ठेवायचे? सरकारी पुस्तकातले अर्धे पान. पाऊस किती इंच पडतो, बाजार कुठल्या वारी भरतो आणि साहेबांचा तंबू कुठल्या आमराईत लागतो, एवढे त्यात आहे. माणसे नाहीत. मग त्या गावाचा सारा कोण भरतो, आंब्याची झाडे की काय?

गेल्या साली शहरात लष्करी कायदा लागला, त्यानंतर सभा बंद, मिरवणूक बंद, आणि पत्रक छापले की छापखान्याला कुलूप. मी तोवर पत्रकेच लिहीत होतो. हात रिकामे झाले. म्हणून मंडळाने ठराव केला की, बंदी आहे तोवर आसपासच्या खेड्यांचा आणि तिथल्या घराण्यांचा इतिहास गोळा करावा. ठरावाला सर्वांनी हात वर केले. जायचे कोणी म्हटल्यावर सगळे हात खाली आले. मी गेलो.

निघण्यापूर्वी मी एक फॉर्म तयार करून त्याच्या प्रती काढून घेतल्या. रकाने चार: घराण्याचा मूळ पुरुष, हल्लीचा कर्ता पुरुष, सनदा व कागदपत्रे, पराक्रम. या फॉर्मचा मला त्या वेळी अभिमान होता. ज्यांना घरबसल्या असले काम सोपे वाटते त्यांच्यासाठी ही हकीकत लिहीत आहे. परत आल्यावर मंडळात तोंडी सांगू लागलो तेव्हा दोघे पेंगत होते.

होटगी

होटगीचे निम्मे गाव आगगाडीच्या शिट्टीवर उठते आणि निम्मे बैलांच्या घंटांवर. मला ज्या वृद्ध कुलकर्ण्यांचे नाव सांगितले होते ते दुसऱ्या निम्म्यातले. त्यांच्याकडे तीनशे वर्षांचे कागद आहेत, अशी सोलापुरात वदंता. ओसरीवर पाण्याचा तांब्या आला, गूळ आला, आणि मी फॉर्म पुढे केला.

“कागद ना? होते की. पेटीभर होते,” कुलकर्णी म्हणाले.

“आता कुठं आहेत?”

त्यांनी आत पाहिले. काकू पदराला हात पुशीत बाहेर आल्या आणि फळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “त्या काय.”

फळीवर तीन टोपल्या ओळीने मांडलेल्या. एकीत वाळल्या मिरच्या, एकीत चिंच, तिसरीत लसूण.

“वाळवी लागायला लागली, तेव्हा मीच भिजत घातले,” काकू म्हणाल्या. “मेथ्या वाटून घातल्या. काय लगदा झाला म्हणून सांगू! बारा वर्षं झाली, एकीला तडा नाही. हात लावून बघा.”

मी मिरच्यांची टोपली उजेडात धरली. काठाजवळ मोडीची अर्धी ओळ शाबूत होती. ‘राजश्री’ एवढे लागले. पुढे सगळा लगदा.

“यात काय लिहिलं होतं ते कोणी वाचलं होतं का हो?”

“मामंजी वाचायचे. त्यांच्यामागं कोण वाचणार? ह्यांना चष्मा लागला, मुलगा इंजिनावर. आणि तुम्ही तेव्हा आला नाहीत.”

संताप आला. पण संताप कुणावर काढणार? कागद बेवारस टाकून त्यांना वाळवीच्या हवाली करणाऱ्यांपेक्षा ही बाई बरी. तिने निदान काहीतरी केले. तिने मला कडक भाकरी, शेंगांची चटणी, अंबाडीची भाजी आणि सायीचे दही असे पोटभर वाढले, आणि निघताना लसूण दुसरीकडे ओतून तिसरी टोपली पुढे केली.

“घेऊन जा. इतिहास पाहिजे होता ना?”

मी घेतली नाही. लाजलो. आता वाटते, घ्यायला हवी होती. मंडळाच्या टेबलावर ठेवण्यासारखी वस्तू होती.

अक्कलकोट

अक्कलकोटच्या बाजारात भाजीवाली कानडीत भाव सांगते आणि भाव पाडला तर मराठीत शिव्या देते. दोन्ही भाषा माणसांच्या तोंडात इतक्या सहज मिसळतात की, आपण सोलापूरकर उगाच एकीलाच धरून बसतो असे वाटते. तिथल्या एका शाळामास्तरांकडे उतरलो होतो. त्यांनी फॉर्म वाचला, मागची बाजू पाहिली, ती कोरी होती, पुन्हा पुढची वाचली.

“सनदा असतील दहा घरांत,” ते म्हणाले. “बाकीच्या गावाचं काय? त्यांना वाडवडील नव्हते?”

“होते, पण पुरावा—”

“पुराव्याला पाय असतात, साहेब. म्हणजे बैलाचे पाय. यंदा हेळवी आलाय इकडं. तीन कोसांवरच्या गावात उतरलाय. त्याला गाठा.”

ज्यांनी हेळवी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घराघरांच्या वंशावळी सांगत फिरणारे हे लोक. प्रत्येकाची गावे ठरलेली, गावातली घरे ठरलेली. सुगी झाली की बैलावर बसून येतो, उंबऱ्यापाशी बसून त्या घराची पिढ्यान् पिढ्यांची नावे म्हणतो, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावे पोथीत चढवतो, धान्य घेतो, जातो. पुन्हा येतो तो पाच-सहा वर्षांनी. कानडीत हेळव म्हणजे लंगडा. म्हणून तो धडधाकट असला तरी यजमानाच्या गावात बैलावरून येताना पायांवर गोधडी पांघरतो.

मला हे माहीत नव्हते. आणि इथे एक कबुली देणे भाग आहे. दोन वर्षांपूर्वी मी ‘शेतकऱ्याच्या कणगीला लागलेले उंदीर’ नावाचे पत्रक लिहिले होते. त्यात आयते धान्य नेणाऱ्यांची एक लांब यादी होती आणि त्या यादीत हेळवीही होते. मी तोवर एकही हेळवी पाहिलेला नव्हता. यादीत नाव बरे दिसले म्हणून घातले होते.

तीन कोसांवरचे गाव

गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या माणसांना तिथेच राहायचे आहे.

मास्तरांनी बसलिंगप्पांच्या घरी माझी सोय लावून दिली होती. लिंगायत शेतकऱ्याचे घर, खाऊनपिऊन सुखी. ज्वारी निघालेली, खळ्यावर मळणी चाललेली, माणसांच्या भुवयांवरसुद्धा कोंडा. घरात थोरले बसलिंगप्पा, त्यांची बायको शांतव्वा, दोन मुलगे, सुना आणि नातवंडे, आणि बसलिंगप्पांच्या धाकट्या भावाची विधवा गौरव्वा. गौरव्वाला एक मुलगी, काशव्वा, दहा-अकरा वर्षांची. ही सगळी ओळख मला पहिल्या तासात झाली. कारण मी अंगणातल्या रांजणाला पाठ लावून बसलो, रांजण कलंडला आणि सबंध घर धावत आले. दुसरे धोतर पिशवीत होते म्हणून अब्रू वाचली.

हेळवी निंगाप्पा याच घरी उतरला होता. साठीचा, काटक, कानात बाळ्या. पांढऱ्या बैलाच्या शिंगांना त्याने स्वतः रंग दिलेला. मी ओले धोतर वाळत घालून त्याच्यासमोर फॉर्म घेऊन बसलो. त्याने फॉर्मकडे पाहिलेच नाही.

“कोनच्या घरचं म्हनायचं तुमी, मास्तर?”

मी मास्तर नाही. पण तिथे टोपी आणि पेन्सिल असलेला प्रत्येक माणूस मास्तर. मी वडिलांचे नाव सांगितले.

“आज्याचं?”

सांगितले.

“तेच्या बाचं?”

श्राद्धाच्या कृपेने तेही सांगितले.

“तेच्या बाचं?”

मी फॉर्मची मागची बाजू पाहिली.

“तीनच?” निंगाप्पाने सगळ्यांकडे पाहिले. “आन् दुसऱ्याचं गोळा करत निगाला व्हय! बसा, बसा. ह्या बैलाच्या चार पिढ्या मला पाठ हाईत.”

ताकाचा तांब्या घेऊन आलेल्या शांतव्वाला इतके हसू आले की, ताक माझ्या उरलेल्या कोरड्या धोतरावर सांडले.

दिवस कलला तसा निंगाप्पा उंबऱ्याशी बसला. पोथी म्हणजे हातभर लांब चोपडी, लाल कापडात गुंडाळलेली, अक्षर कानडी. तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही. एका घराची नावे दुसऱ्याच्या दारात म्हणायची नाहीत. नक्कल करू देता का, असे मी विचारले तर म्हणाला, “ऐकायला मी कुटं अडवलंय? कान हाईत की.” मग त्याने सुरू केले. पोथी मांडीवर उघडी होती, पण तो तिच्यात पाहत नव्हता.

मूळ पुरुष बेदरच्या बाजूने दुष्काळात आला. दोन बैल आणि एक दगडी उखळ घेऊन आला. उखळ अजून परसात आहे. मी त्याला सकाळी ठेचाळलो होतो. त्याचे पोटी अमुक, अमुकाचे पोटी चौघे, एक इथे राहिला, एक होटगीकडे गेला, एक मुलगे मागे ठेवून पटकीत गेला, एक मुलगा टाकून बैरागी होऊन निघून गेला. अकरा पिढ्या. माझी पेन्सिल तिसऱ्या पिढीतच मागे पडली. आमच्या दोन्ही कपाटांत असे एक पान नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या कळले.

पण एक गोष्ट खटकत होती आणि खटकले की मला गप्प बसवत नाही. बायका आल्या की नुसते ‘अमक्या गावच्या गौडाची लेक’.

“तिचं नाव काय?” मी मध्येच विचारले.

“लेक म्हनलं की.”

“हो, पण नाव?”

“मास्तर,” बसलिंगप्पा हात जोडून म्हणाले, “तेला तोडू नगा. पयल्यापास्नं म्हनावं लागतंय.”

तो पुढे गेला. बसलिंगप्पांपाशी आला, त्यांच्या दोन मुलांपाशी आला, गेल्या खेपेनंतर झालेल्या नातवांची नावे विचारून त्याने बोरूने पोथीत चढवली. मग म्हणाला, “मल्लाप्पा.” आणि थांबला. “मल्लाप्पाचं काय?”

“मल्लाप्पा न्हाय आता,” बसलिंगप्पा म्हणाले. “चार वर्सं झाली. हीर खांदताना दगुड आला अंगावर.”

“कंची हीर?”

“हीच की, मागची. पानी लागलं तवर. पन दगुड आला.”

“पोरगं?”

“न्हाय.”

निंगाप्पाने बोरू दौतीत बुडवला. तेवढ्यात दारामागून आवाज आला, “पोरगी हाय.”

गौरव्वा होती. ती तोवर एक अक्षर बोललेली नव्हती.

“ठावं हाय अव्वा,” निंगाप्पा सावकाश म्हणाला. “पन पोथीत पोरी लिवत न्हाईत. तुलाबी ठावं हाय.”

“मग तुमी काय लिवनार?”

“रेघ.”

कुणीतरी मला समजावून सांगितले. ज्याच्यामागे मुलगा नाही त्याच्या नावाखाली हेळवी आडवी रेघ मारतो. नाव पोथीत राहते, पण पुढच्या खेपेपासून म्हटले जात नाही. इतक्या नावांचा भार कोण वाहणार? जी डहाळी पुढे फुटत नाही ती म्हणण्यातून गळते. या घरातल्या अशा किती डहाळ्या गळल्या असतील याची निंगाप्पाकडे मोजदाद नव्हती; कारण त्या म्हणायच्याच नसतात.

“रेघ उजेडात मारायची आस्ती,” त्याने आभाळाकडे पाहिले. “आता दिवस बुडाला. उद्या निगताना मारतो.” आणि पोथी कापडात गुंडाळली. वरची गाठ मात्र मारली नाही.

मी पेटलो. पत्रकात जे जे लिहितो ते सगळे तोंडाने म्हटले. ज्या माणसाने घराला पाणी दिले त्याचे नाव पुसणे हा अन्याय आहे. निम्म्या मनुष्यजातीला वगळून लिहिलेला इतिहास हा इतिहासच नव्हे. स्त्रीला वंश नाही असे कुठल्या शास्त्रात आहे? निंगाप्पाने तंबाखू मळली. बसलिंगप्पा खळ्याकडे गेले. शांतव्वा मात्र माझ्यापुढे पडलेला फॉर्म उचलून लेकाकडे घेऊन गेली. लेक तीन इयत्ता शिकलेला. त्याने बोट ठेवत वाचून दाखवले.

“मूळ पुरुष. कर्ता पुरुष,” शांतव्वाने माझ्याच सुरात म्हटले. “मास्तर, तुमच्या कागदात बी बाप्येच की वो!”

मी फॉर्मची घडी करून खिशात घातली.

तरी मी हटलो नाही. गौरव्वाला म्हणालो, “बाई, मी लिहितो. माझ्या वहीत लिहितो. मल्लाप्पाचं नाव, त्याखाली मुलीचं, तुमचंसुद्धा. छापून काढू. सोलापुरात कपाटात राहील.”

ती चुलीपुढे बसून हुग्गी ढवळत होती. हेळवी घरात असला की खपली गव्हाची हुग्गी करावीच लागते.

“ती वही हितं येऊन म्हनून दाखवनार कोन? तुमी?”

“मी... म्हणजे, तिथं कोणीही येऊन वाचू शकेल.”

“मला वाचाया येत न्हाय. तुमी परत कवा येनार?”

मी तारीख सांगू शकलो नाही.

“हा येतो,” तिने बाहेर बसलेल्या निंगाप्पाकडे मान हलवली. “तेचा बा येत हुता. मी मेल्यावर बी कोनतरी येनार आन् दारात बसून म्हननार. त्यात काशव्वाच्या बाचं नाव पायजे. कपाटात नगं.” मग पळी आपटून म्हणाली, “हात धुवा, जेवायला बसा.”

हुग्गी उत्तम होती. गूळ जरा जास्त, पण तिकडे तसाच घालतात. आमच्याकडच्या गव्हाच्या खिरीपेक्षा दाट, आणि वर तुपाची धार इतकी की, बोट बुडावे.

निरोपाची सुपे

हेळव्याला निरोप द्यायची रीत अशी. सकाळी घरातल्या प्रत्येक सुनेने आपापले सूप ज्वारीने भरून उंबऱ्यावर आणायचे आणि आपल्या हाताने त्याच्या पोत्यात ओतायचे. आधी थोरलीने, मग धाकटीने. सगळी सुपे रिकामी झाली की तो पोथीला गाठ मारतो आणि बैलावर बसतो. एक सूप जरी राहिले तरी गाठ मारता येत नाही. आणि गाठ मारल्याशिवाय पुढच्या घरी पोथी उघडता येत नाही. निरोप झाल्याशिवाय घरात चूल पेटवायची नाही, हीही रीतच.

सकाळी पोते उघडे होते. निंगाप्पाने पोथी उघडली, मल्लाप्पाचे पान काढले, बोरू घेतला. बसलिंगप्पांच्या दोन्ही सुना आपली सुपे भरून मागे उभ्या. थोरली म्हणून आधी शांतव्वाने पुढे यायचे. पण तिच्याआधी गौरव्वा आली. भरलेले सूप तिने उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवले, त्याच्यापाशी मांडी घातली आणि सुपाच्या दोन्ही कडांवर हात ठेवून बसली.

“काका, रेघ मारा,” ती म्हणाली. “पन मी सूप वतनार न्हाय.”

निंगाप्पा तिच्याकडे बघत राहिला. “आसं कुटं आस्तंय व्हय?”

“आता हाय.”

मला सत्याग्रह हा शब्द पाठ आहे. त्यावर मी तीन पत्रके लिहिली आहेत. पण तो असा, आवाज न चढवता, ज्वारीच्या सुपावर हात ठेवून करताना मी कोणाला पाहिले नव्हते. अर्थात मी उठलो आणि बोलायला सुरुवात केली, “बंधूंनो—”

“मास्तर, तुमी जरा बैल धरा,” गौरव्वा म्हणाली. “पोत्यात तोंड घालतोय.”

मी बैल धरला. पुढचे सगळे मी बैलाच्या वेसणीला धरून पाहिले.

निंगाप्पा तसा वाईट माणूस नव्हता, आणि त्याचे म्हणणे मला सांगितले पाहिजे. कारण ते पत्रकात दोन ओळींत उडवण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, “पोरगी आज हितं हाय. उद्या लगीन हुनार, सासरी जानार. तितला हेळवी येगळा. तेच्या पोथीत ती तेंच्या घरची. एक मानूस दोन पोथीत कसं लिवायचं? हेळव्यानं हेळव्याच्या घरात हात घालायचा न्हाय, ही आमची आन हाय. माझ्या बानं केलं न्हाय, आज्यानं केलं न्हाय.”

“तेंच्याम्होरं कुनी सूप धरून बसलं नसंल,” गौरव्वा म्हणाली. “आन् तितला हेळवी तिचं नाव तरी घेनार हाय व्हय? ‘बसलिंगप्पाच्या घरची लेक’ म्हननार. मग दोन पोथीत कुटं झाली? एकीत बी न्हाय.”

शेजारच्या ओट्यावर चार माणसे जमली होती. एक म्हातारा ओरडला, “बरुबर हाय की वो निंगाप्पा!” त्याच्या बायकोने त्याला आत ओढले.

“समजा दोनीकडं झाली,” गौरव्वा पुढे म्हणाली, “तर काय दोनदा मरंल?”

ऊन अंगणात उतरले. चूल थंड. नातवंडे भाकरीसाठी रडू लागली. खळ्यावरचे गडी दोनदा येऊन विचारून गेले. बसलिंगप्पा खांबाला टेकून उभे होते. घरात कर्ता बोलला तरच हेळवी नवे नाव चढवतो, म्हणून सगळे त्यांच्याकडे पाहत होते आणि ते बैलाकडे पाहत होते. शेवटी त्यांच्या मनातले बाहेर आले.

“पोथीत नाव लिवलं म्हंजी उद्या जावई येऊन वाटनी मागंल.”

“भावजी, वाटनी कुळकर्ण्याच्या दप्तरात आस्ती,” गौरव्वा म्हणाली. “ती मी मागितली का? चार वर्सांत एकदा तरी? मी नाव मागतीया.”

मग शांतव्वा आली. तिचे सूप काठोकाठ भरलेले होते. ती सरळ पोत्यापाशी गेली, मला वाटले ओतणार. तिने पोत्याकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, मागे वळली आणि सूप गौरव्वाच्या सुपाला लावून ठेवले. स्वतः शेजारी बसली.

“अक्का, तुमी कशाला?” गौरव्वा हळूच म्हणाली.

“बस गप. माझं पाय दुकत्यात.”

मागे दोन्ही सुना एकमेकींकडे पाहत होत्या. मग त्यांचीही सुपे खाली टेकली. चार सुपे एका ओळीत, आणि पोते रिकामे.

“आता तूबी?” बसलिंगप्पा बायकोला म्हणाले.

“मला तीन लेकी हुत्या,” शांतव्वा म्हणाली. “कंच्या पोथीत हाईत त्या, सांगा.”

मला त्या मुलींबद्दल कोणी काही सांगितलेले नव्हते. मी कोणाला विचारलेही नव्हते. माझ्या फॉर्मात तसा रकाना नव्हता. निंगाप्पाने पोथीवरून नजर उचलली नाही. बैलाने माझ्या खांद्याला डोके घासले आणि त्याच्या शिंगाचा रंग माझ्या सदऱ्याला लागला.

बसलिंगप्पा खांबापासून पुढे आले. मग डोक्याचे मुंडासे काढून त्यांनी तोंड पुसले आणि म्हणाले, “लिवा की वो, निंगाप्पा. खळं पडलंय.”

“घरानं सांगितलं म्हनून लिवतो,” निंगाप्पा म्हणाला. हे त्याने ओट्यावरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले. आणि खालच्या आवाजात गौरव्वाला, “दुसऱ्या घरच्या बायका आता मला सोडनार न्हाईत, ठावं हाय ना?”

“न्हाय सोडनार,” ती म्हणाली.

त्याने बोरू पुन्हा दौतीत बुडवला. रेघेसाठी मोकळी ठेवलेली जागा होती, त्या जागेत नाव लिहिले. कानडी मला वाचता येत नाही, पण अक्षरे चार-पाचच होती आणि त्याने ती फार सावकाश काढली. शाईवर चिमूटभर राख टाकली, फुंकली. नवे नाव चढले की सगळी वंशावळ पहिल्यापासून पुन्हा म्हणायची, अशी रीत. त्याने पाठ ताठ केली आणि सुरू केले. बेदर, दुष्काळ, दोन बैल, दगडी उखळ. आज गती कालच्यापेक्षा जास्त होती. त्यालाही भूक लागली असावी. चन्नाप्पाचे पोटी सिद्रामाप्पा, सिद्रामाप्पाचे पोटी दोघे, थोरला बसलिंगप्पा, त्याचे पोटी अमुक, तमुक. धाकटा मल्लाप्पा.

“मल्लाप्पाचे पोटी,” निंगाप्पा म्हणाला आणि थांबला. त्याची लय अडली होती. इतकी वर्षे त्या जागी पुरुषाचेच नाव येत आले होते; आज ते नव्हते, आणि जीभ ते शोधत होती. मग सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाला, “काशव्वा!”

“आले!” गोठ्यातून ओरड आली.

काशव्वा सकाळपासून तिकडे शेण भरत होती. ती तशीच धावत आली, दोन्ही हात शेणाने भरलेले, केसांत गवत. दारात एवढी माणसे आणि चार सुपे पाहून ती थबकली.

“काय गं अव्वा? कुनी हाक मारली?”

“कुनी न्हाय,” गौरव्वा म्हणाली. “हुबी ऱ्हा हितं.”

आणि तिने सूप उचलले. रीतीप्रमाणे आधी थोरलीने ओतायचे, पण शांतव्वाने हाताने खूण केली, तू हो पुढं. ज्वारी पोत्यात पडली तसा कोंड्याचा लोट उठला. मग शांतव्वाने ओतली, मग दोन्ही सुनांनी. निंगाप्पाने पोथी लाल कापडात गुंडाळली, गाठ मारली, आणि मला म्हणाला, “सोडा आता बैल.”